दाव्याची लांबी

२८ जुलै २०२५, सोमवार

रात्र बरीच झालीय. नांदणीहून आत्ता घरी आलो. जयसिंगपूरपासून एरवी हाकेच्या अंतरावर, पण आज रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या जिनसेन मठाची याचिका फेटाळल्याची बातमी आली आणि अख्खा शिरोळ तालुका निरोपाला लोटला. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं दिलेला आदेश आता कायम झाला. मठाच्या महादेवी हत्तिणीनं जामनगरच्या वनतारा प्राणी केंद्रात जायचं. १९९२ पासून ती इथं आहे, गर्दीतल्या निम्म्या पोरांच्या जन्माच्याही आधीपासून.

बायका ओवाळत होत्या, दांडगी माणसं ढसाढसा रडत होती. "बघा, तिच्या पण डोळ्यांतनं पाणी यायलंय," असं म्हणत एकानं मोबाइल माझ्यापुढं धरला. आलं होतं खरं. जन्मभर जीवशास्त्र शिकवल्याची खोड अशी की दुसऱ्याच क्षणी मनात आलं, हत्तीला डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी नळीच नसते, त्यामुळं ते गालावर ओघळतं, सुखातही आणि दुःखातही. तिथं हे बोलणं म्हणजे मार खायची तयारी. आणि बोलून तरी काय सिद्ध होणार? पाणी आलं म्हणून दुःख ठरत नाही, तसं नळी नाही म्हणून दुःख नाही असंही ठरत नाही.

मठाची माणसं म्हणतात, घर सुटतंय हे तिला कळलंय. प्राणिहक्कवाले म्हणतात, तिची कैद संपतेय. पेटा संघटनेच्या तक्रारीपासून उच्चस्तरीय समितीपर्यंत आणि तिथून दोन न्यायालयांपर्यंत तिच्या पायांचं, नखांचं, सांध्यांचं दुखणं कागदावर आलं. पण आपण बांधलेले आहोत, किंवा आता सुटतो आहोत, असं काही हत्तिणीच्या मनात येतं का? येत असेल तर कोणत्या रूपात? गाडी हलली तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. बत्तीस शिराळ्याहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. २००२ मध्ये उच्च न्यायालयानं जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक बंद केली, त्यानंतर यंदा पहिल्यांदाच केंद्रानं २१ नाग पकडायला परवानगी दिली, तीसुद्धा पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला द्यायचं म्हणून, ढीगभर अटी घालून. गावात त्याचाच आनंद. हत्तीण गेली आणि नाग आले, असं तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

बंदीच्या आधीच्या काळात एका नागमंडळाच्या घरी मी मुक्कामाला होतो. सोप्याच्या कोपऱ्यात मडकी ओळीनं मांडलेली, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. मंडळाच्या म्होरक्यानं एक फडकं सोडलं आणि मडकं आडवं केलं. नाग बाहेर येईना. मडक्यावर काठीनं टिचकी मारली तेव्हा वीतभर बाहेर आला, फणा काढून फुसकारला, आमच्याकडं पाहिलं आणि मागच्या मागं सरकून पुन्हा वेटोळं घालून बसला. "बघा गुरुजी, आतच बरं वाटतंय त्याला," म्होरक्या म्हणाला.

आणि ते खोटं नव्हतं. नाग उंदराच्या बिळात राहतो, वारुळात राहतो. काळोख, गारवा, अंगाला चारी बाजूंनी लागणारी भिंत म्हणजे त्याच्या लेखी सुरक्षितता. मडकं आणि बीळ, आतून पाहिलं तर फारसा फरक नाही. पिंजरा लहान म्हणून वाईट आणि रान मोठं म्हणून चांगलं, हे आपलं चौरस फुटांचं गणित त्याला लागू पडत नाही. फरक फडक्याचा आहे. बिळातून भूक लागली की बाहेर पडता येतं. फडकं बांधलेल्या मडक्यातून म्होरक्याला वाटलं तर.

आता हा फरक नागाला कळतो का? आत सुस्त पडून असेपर्यंत कळत नसावा. पण रात्री, त्याच्या बाहेर पडण्याच्या वेळी, त्या मडक्यांतून घासटल्याचा आवाज येत होता. आत बरं वाटणारे नाग रात्री फडक्याला नाकानं ढुशा देत होते.

३१ जुलै, गुरुवार

महादेवी काल वनताराला पोचली. तिथले व्हिडिओ आले. आमच्या गल्लीत ते कुणी पाहायला तयार नाही, वनतारा अंबानींचं म्हणून जिओची सिमकार्डं बदलून घ्यायची लाट आलीय.

शेजारच्या आक्कांची म्हैस आमच्या मागच्या खिडकीतून दिसते. पेन्शनीत निघाल्यापासून सकाळचा चहा तिच्याकडं बघतच होतो. खुंट्याला दावं, दाव्याच्या टोकाला ती. एक गोष्ट ध्यानात आलीय. ती दावं कधी ताणत नाही. गव्हाणीकडं, पाण्याच्या दगडीकडं, शेणापासून बाजूला, कुठंही सरकली तरी दावं ताठ व्हायच्या वीतभर आधी थांबते. परवा दावं कुजलं म्हणून आक्कांनी नवं आणलं, ते हातभर आखूड निघालं. सकाळी दोन-तीनदा मानेला हिसका बसला, चमकून मागं पाहिलं. संध्याकाळी पाहतो तर ती पुन्हा वीतभर आधीच थांबत होती, नव्या मापानं.

म्हणजे आपण किती बांधलेले आहोत हे तिला माझ्याहून अचूक माहीत आहे. अमूर्त कल्पना वगैरे राहू दे, माप मात्र पक्कं आहे.

आक्कांना विचारलं, "हिला कळतंय का हो, आपण बांधलेलो हाय ते?"

"कळत न्हाई तर! रेडकू वरडलं की बघा कशी करतीया. आन् एरवी गप. एरवी कुठं जायचंय तिला?"

आक्का शाळेत गेल्या नाहीत. पण जायला जागा असेल तेव्हाच दावं टोचतं, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. अशा वाक्यासाठी प्राध्यापक मंडळी परिसंवाद भरवतात.

३ ऑगस्ट, रविवार

आज नांदणी ते कोल्हापूर आत्मक्लेश पदयात्रा, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. राष्ट्रपतींना पाठवायच्या अर्जावर दोन लाखांवर सह्या झाल्यात. मी चाललो नाही, गुडघ्यांचं कारण होतंच, पण नसतं तरी कोणत्या बाजूनं चालावं हे ठरलेलं नाही.

सकाळपासून एक गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या चार गटांवर आली. हत्तीच्या पिल्लाला लहानपणी साखळीनं बांधतात, ते धडपडून थकतं, मोठं झाल्यावर सुतळीनं बांधलं तरी जागचं हलत नाही. तसंच मित्रांनो, तुमच्याही मनाची सुतळी तोडा. संताप आला. प्रेरणा देणाऱ्या भाषणांत हत्ती हमखास असतो, फक्त हत्तीबद्दल काही नसतं.

त्या गोष्टीच्या मुळाशी जे शास्त्र आहे असं सांगतात, ते मी वर्गात शिकवलेलं आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांना पट्ट्यांनी बांधून विजेचे झटके दिले. आज कुणी परवानगी देणार नाही. एका कुत्र्याला डोक्यानं फळी दाबली की झटका बंद करता यायचा. दुसऱ्याला तेवढेच झटके, तेवढाच वेळ, पण त्याच्या हातात काही नाही. पहिल्यानं फळी दाबली की याचाही थांबायचा. नंतर दोघांना अशा खोक्यात ठेवलं की मधला अडसर ओलांडला की सुटका. पहिला उडी मारून गेला. दुसऱ्या गटातले बरेचसे तिथंच पडून झटके खात, कण्हत राहिले. यातना सारख्याच, फरक होता तो आपल्या करण्यानं काही बदलतं की नाही एवढाच. दुसऱ्या कुत्र्यानं हतबलता शिकून घेतली, असं तेव्हापासून पुस्तकांत छापलं गेलं.

निवृत्तीनंतर वाचलेली गोष्ट अशी की याच दोघांनी २०१६ मध्ये स्वतःचाच सिद्धान्त उलटा केला. पन्नास वर्षांच्या मेंदूच्या अभ्यासानंतर ते म्हणाले, लांबलेल्या छळापुढं गप्प पडून राहणं हे शिकावं लागत नाही, ते उपजतच आहे. शिकावं लागतं ते दुसरंच, म्हणजे आपल्या करण्यानं काही होतं हे. मेंदूचा पुढचा भाग ते शिकतो आणि मग खालच्या त्या गप्प पडण्याला आवर घालतो.

हे खरं असेल तर सुतळीची गोष्ट तोंडावर आपटते. साखळीतल्या पिल्लाला काही चुकीचं शिकवलं गेलेलं नसतं. जे शिकायचं ते शिकायची संधीच त्याला मिळालेली नसते. आणि मग सुतळी तोडून उपयोग काय?

आणखी एक. महादेवीच्या तपासणीत डोकं सारखं हलवत राहण्याची नोंद होती. आपल्याकडं हत्ती डोलतो म्हणजे खुशीत आहे असं समजून लोक केळी देतात. रानातला हत्ती तासन्‌तास तसा डोलत नाही. बांधलेल्या जनावरात ते दिसतं, आणि चांगल्या जागी नेल्यावरही काहींमध्ये ते जात नाही. त्यामुळं उद्या वनतारातल्या व्हिडिओत ती डोलताना दिसली म्हणून इकडच्यांनी टाळ्या पिटू नयेत, आणि थांबलेली दिसली म्हणून तिकडच्यांनीही.

६ ऑगस्ट, बुधवार

बातमी : वनतारावाले आता नांदणीजवळच हत्तींचं पुनर्वसन केंद्र उभारायला मदत करू म्हणतायत. सरकारही मठाबरोबर पुन्हा न्यायालयात जाणार. वातावरण निवळलं.

मी आज उंदरांत होतो. कॅव्हनॉ नावाच्या कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञाचे प्रयोग, पांढऱ्या पायांच्या रानउंदरांवरचे, तेही १९६७ चेच. त्या वर्षी काय होतं कुणास ठाऊक. पिंजऱ्यात पळायचं चाक होतं, त्याला मोटर होती, आणि मोटर चालू-बंद करायच्या कळा उंदराला वापरता येत. दिव्याचंही तसंच. उंदीर स्वतः कळ दाबून चाक फिरवायचा आणि मनसोक्त पळायचा. पण माणसानं बाहेरून चाक सुरू केलं की लगेच बंद करायचा. माणसानं बंद केलं की सुरू! त्याला मंद उजेड आवडतो. पण माणसानं दिवा मोठा केला की तो पार अंधार करायचा, अंधार केला की झगझगीत उजेड. दिवसा झोपायच्या वेळी उचलून घरट्यात ठेवला तर तो बाहेर यायचा. पुन्हा ठेवला, पुन्हा बाहेर. घरटं त्याचंच, वेळ झोपेचीच, स्वतःहून तो तिथंच गेला असता.

पहाटे आमच्या नातीला उठवताना हेच होतं, पण ते असो.

मला हा उंदीर फार महत्त्वाचा वाटतो. मोकळीक म्हणजे काय ते त्याला सांगता येणार नाही. पण मी पळतोय आणि मला पळवलं जातंय यातला भेद त्याला नेमका कळत होता, पळणं अगदी तेच असतानाही. आवडीची गोष्टसुद्धा दुसऱ्यानं ठरवली म्हटल्यावर तो ती मोडून काढत होता. याच्या जोडीला २०१४ चा एक साधा, गमतीचा प्रयोग ठेवावा. हॉलंडमधल्या संशोधकांनी पळायची चाकं बाहेर रानात नेऊन ठेवली. रानातले मोकळे उंदीर येऊन त्यावर पळून गेले. म्हणजे पिंजऱ्यातलं चाक हेही कैदेचं चिन्ह नव्हे. ते कुणी, कधी फिरवायचं हा खरा मुद्दा.

१० ऑगस्ट, रविवार

हत्तींकडं परत. २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतल्या हत्तींचा हिशेब आला, साडेचार हजारांवर हत्तींच्या नोंदी तपासून. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या आशियाई हत्तिणीचं मध्यम आयुर्मान १८.९ वर्षं. तुलनेला घेतल्या होत्या म्यानमारच्या सरकारी लाकूडकामावरच्या हत्तिणी. त्यांचं ४१.७.

लाकूड ओढणाऱ्या म्हणजे वेठीच्या. अंकुश, माहूत, डोंगरउतारावरचे ओंडके. आणि प्राणिसंग्रहालयातल्या बसून खाणाऱ्या, पशुवैद्य दिमतीला. तरी आयुष्य निम्म्याहून कमी! कारणं एकच नाहीत. प्राणिसंग्रहालयातला लठ्ठपणा आहे, पिल्लांची आईपासून ताटातूट आहे. पण म्यानमारच्या हत्तींच्या दिनक्रमात एक गोष्ट आहे जी मला सोडवत नाही. काम संपलं की संध्याकाळी त्यांना जंगलात सोडतात. पायात साखळी अडकवलेली असते, फार लांब जाता येत नाही, सकाळी माहूत शोधून आणतो. पण रात्र त्यांची. काय खायचं, कुणाशेजारी उभं राहायचं, पाण्यात कधी उतरायचं हे तिचं ती ठरवते. रानटी टस्करांशी गाठी पडतात, पिल्लं होतात.

'बॉम्बे बर्मा' कंपनीत हत्तींवर देखरेख करणाऱ्या जे. एच. विल्यम्सनं 'एलिफंट बिल' या १९५० च्या पुस्तकात या रात्रींबद्दल लिहून ठेवलंय. रात्री हत्ती कुठं चरतोय ते कळावं म्हणून गळ्यात घंटा बांधतात. काही तरुण हत्ती त्या घंटेत चिखल कोंबून लोळी बंद करायचे आणि बिनआवाजाचे केळीच्या बागेत शिरायचे. माळी शेजारी झोपलेला.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिलो. साखळी दिसते, टोचते. घंटा टोचत नाही. घंटा ही माणसाच्या कानात पोचणारी दावण आहे. आवाजानं आपण पकडले जातो आणि आवाज या वस्तूतून येतो, एवढं ज्याला उमगलं त्याला कैद 'कळत नाही' असं मी तरी म्हणणार नाही. त्याला स्वातंत्र्याची व्याख्या येत नसेल. त्याला केळी हवी होती, आणि केळीच्या आड काय येतं ते त्यानं ओळखलं होतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

फिरायला येणारे आमचे मित्र, निवृत्त बँकवाले, म्हणाले, "सर, रानात तरी कसली मोकळीक? वाघाची भीती, भूक, हद्दीची मारामारी. पिंजऱ्यात निदान वेळेवर जेवण." हा मुद्दा हलका नाही. हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञानं १९४२ मध्येच तो सविस्तर मांडलाय. पुढं तो झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक होता. रानातलं जनावर वाट्टेल तिकडं हिंडत नाही, ते आपल्या हद्दीत, ठरलेल्या वाटांनी, ठरलेल्या वेळी चालतं.

आणि पिंजऱ्यातून सुटलेलीही लांब जात नाहीत, हे खरंच. १९६८ मध्ये ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयातला फू मांचू नावाचा ओरांगउटान पुनःपुन्हा बाहेर सापडायचा. तार वाकवून कडी काढायचा आणि ती तार ओठाआड दडवून ठेवायचा. जायचा कुठं, तर आवारातल्याच झाडांवर. गेल्या वर्षी मार्चमध्ये पुण्याच्या कात्रज प्राणिसंग्रहालयातला सचिन बिबट्या पिंजऱ्यातून निसटला, शहराची झोप उडाली, शेवटी सापडला तो आवारातच.

पण मित्राला मी 'आजोबा'ची आठवण करून दिली. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला हा वयस्क बिबट्या. वर काढला, विद्या अत्रेय यांच्या चमूनं त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडला. जंगल चांगलं, पाणी, सावज सगळं होतं. माणसाच्या हिशेबानं स्वर्गच. तो तिथं थांबला नाही. एका महिन्याच्या आत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालत, महामार्ग आणि रेल्वेरूळ ओलांडत, वसईची खाडी पार करून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेनं मेला. त्याच्यावर सिनेमाही निघाला.

"मग माळशेजलाच राहिला असता तर जगला असता की," मित्र म्हणाला.

असता कदाचित. हेडिगर बरोबर आहे, रानातलं जनावर हद्दीनं बांधलेलं असतं. पण त्या हद्दीची राखण ते स्वतः करतं, मोडायची तर स्वतः मोडतं, आणि त्याची किंमतही स्वतःच मोजतं. वेळेवर जेवण ही त्याला तोड नाही. या वादात मी आता इथवर आलोय. महादेवी नांदणीत राहावी की जामनगरला, हा प्रश्न दुय्यम आहे. दिवसाच्या चोवीस तासांतले किती तास तिच्या मर्जीचे, हे आधी विचारावं. जागा दहा एकर असो की हजार, कुठल्या हत्तीशेजारी उभं राहायचं, चिखलात कधी लोळायचं, माणसाकडं पाठ कधी फिरवायची हे ती ठरवते का? ठरवत नसेल तर दोन्हीकडची माया सारखीच. नांदणीचं केंद्र होईल तेव्हा त्याच्या नियमावलीत हे पहिल्या पानावर असावं, असं पत्र मी कोल्हापूरच्या एका दैनिकाला आज टाकलं. छापतील की नाही, बघू.

१४ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी आक्कांचा नातू पिंजरा घेऊनच आला. शाळेत बाईंनी स्वातंत्र्यावर बोलायला सांगितलंय, तेव्हा उद्या झेंडावंदनानंतर सगळ्यांसमोर मिठूला सोडायचं असा त्याचा बेत. टाळ्या पडतील. मी नको म्हणालो तर त्याचा चेहरा पडला. "तुम्हीच म्हणता ना सर, बांधून ठेवू नये?"

मिठू बाजारातून पिल्लू म्हणून आणलेला. गेल्या उन्हाळ्यात दार उघडं राहिलं, तो बाहेर आला, पिंजऱ्याच्या टपावर दुपारभर बसला, चोच घासली, तिन्हीसांजेला आपण होऊन आत गेला. आक्का तेव्हापासून सांगतात, त्याला आतच आवडतं. मला वाटतं त्या दुपारी आयुष्यात पहिल्यांदा आत जायचं की नाही हे त्यानं ठरवलं. पण म्हणून उद्या मैदानात उडवून दिला तर तो संध्याकाळ बघणार नाही. पंखांत ताकद नाही, दाणा कुठं असतो ठाऊक नाही, घार आणि मांजर ओळखत नाही, थवा काय असतो ते माहीत नाही. जे दोन वर्षं शिकायचं राहिलं ते एका भाषणात येत नाही.

पोराला तेवढं समजावलं. आक्कांना दुसरी गोष्ट सांगावी लागली. आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. त्या घाबरल्या. दंड होईल का, पोलीस येतील का. फोन मी करतो म्हणालो. वनखात्याच्या माणसांकडं दिला तर त्याला मोठ्या जाळीत इतर पोपटांबरोबर ठेवून, उडता येईल एवढा तयार करून मग सोडता येतो. न जमल्यास निदान चार पोपटांत राहतो. पोरगं उद्या भाषण करेल, पण रिकाम्या हातानं.

वनखात्याची हेल्पलाइन १९२६. ज्यांच्या घरात असा पिंजरा टांगलेला आहे त्यांनी स्वतः दार उघडून मोकळं होऊ नये, हा नंबर लावावा.